भिंत सरकतीच हवी

तुमच्या हाताशी वर्षानुवर्षं सुरळीत चाललेलं एखादं लार्प संमेलन आहे का? लोक वेळेवर येतात, खेळ वेळेवर सुरू होतात, रात्री सगळे आपापली लोकल पकडून घरी जातात, असं काही? मग ते ताबडतोब नव्या हॉटेलात हलवा. सगळं सुरळीत असलं की कोअर टीमला काम उरत नाही, आणि रिकामी कोअर टीम फार वाईट. आमचं संमेलन गेल्याच महिन्यात हललं. अनुभव ताजा आहे, लगेच लिहून घ्या.

(लार्प म्हणजे काय, हे अजून कुणाला ठाऊक नसेल तर: मोठ्या माणसांची भातुकली. तुम्हाला एक पात्र मिळतं, त्याचे कपडे चढवायचे आणि तीन-चार तास ते पात्र होऊन वावरायचं. संहिता नाही, प्रेक्षक नाहीत, टाळ्याही नाहीत. इंग्लंडात १९८२ साली चेशर परगण्यातल्या पेकफर्टन किल्ल्यात ‘ट्रेझर ट्रॅप’ नावाने हा उद्योग सुरू झाला. किल्ल्यांना आपल्याकडेही तोटा नाही, पण आपण खेळतो बँक्वेट हॉलात.)

सगळ्यात आधी जुन्या जागेला नावं ठेवायला शिका. आमची जुनी जागा दादर पूर्वेला, स्टेशनपासून चालत सात मिनिटांवर. एसीखाली बादली, लिफ्टमध्ये तीन माणसं आणि चौथा आशेवर. काउंटरवर एक काका बसायचे. एकदा आमचा एक मुलगा मुकुट-अंगरख्यासकट खोलीची चावी मागायला गेला, तर काका मान वर न करता म्हणाले, “महाराज, कालचं बिल राहिलंय.” कुठल्या खोलीत किती प्लग चालतात आणि इस्त्री लावली की कुठला फ्यूज उडतो, हे तिथल्या पोऱ्यांना आमच्याहून जास्त ठाऊक होतं. अशा जागेबद्दल मीटिंगमध्ये एकच वाक्य टाकावं: “फोटो चांगले येत नाहीत.”

नव्या हॉटेलची पाहणी मंगळवारी सकाळी अकराला करावी. त्या वेळी मुंबईतलं कुठलंही हॉटेल एखाद्या मठासारखं शांत असतं. लॉबीत धबधबा आहे का ते नीट पाहून घ्यावं. धबधब्याचा खेळाला काय उपयोग, असं विचारणाऱ्या माणसाला पुढच्या मीटिंगचा निरोप देऊ नये.

तारीख लग्नसराईतलीच धरावी.

जागा स्टेशनपासून लांब हवी. आमच्या टीमने जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर पवईची बाजू निवडली. “पार्किंग प्रशस्त आहे,” असं ग्रुपवर तीनदा आलं. आमचे निम्मे खेळाडू कॉलेजातले, त्यांच्याकडे वाहन म्हणून काय असतं, तर रेल्वेचा पास. उतरायचं कांजूरमार्गला, मग रिक्षाच्या विनवण्या, मग लिंक रोडवरचा ट्रॅफिक. त्याबद्दल मुंबईकराला वेगळं सांगायला नको. दुसरा दिवस रविवार. माटुंगा-मुलुंड धीम्या मार्गावर मेगाब्लॉक. गाड्या जलद मार्गावर वळवल्या की विक्रोळीला थांबतात, भांडुपला थांबतात, मधल्या कांजूरला नाही, हे मध्य रेल्वेचा प्रवासी झोपेतही सांगेल. पण त्यासाठी टीममध्ये मध्य रेल्वेचा एक तरी प्रवासी हवा. सकाळी दहाच्या खेळाचे नऊ खेळाडू अकरा वाजता आले. त्यातल्या एकीचं पात्र खेळाच्या सुरुवातीलाच मरायचं होतं. तिच्याशिवायच मेलं.

सामानाबद्दलही थोडं सांगते. २००८च्या नोव्हेंबरनंतर मोठ्या हॉटेलच्या दारात बॅगा तपासतात. तपासायलाच हव्यात, तक्रार नाही. माझ्या खेळासाठी मी एक पितळी स्टोव्ह नेला होता, माझ्या आजीचा. त्यात शेवटचं रॉकेल पडलं तेव्हा मी शाळेत होते. दारावरचा माणूस भला होता. त्याने विचारलं, “ताई, हे काय?”

“स्टोव्ह.”

“ते दिसतंय. आत कशाला?”

“संपासाठी,” मी म्हटलं.

तर एक टीप ही घ्या: पंचतारांकित हॉटेलच्या दारात संप हा शब्द तोंडातून काढू नये. सुपरवायझर आला, त्याच्यावरचा आला. टाकी उघडून हुंगली. शेवटी स्टोव्ह त्यांनी ठेवून घेतला आणि मला पावती दिली, ११७ नंबरची. संमेलनाचं सामान कुठल्या दाराने न्यायचं, काय चालतं, काय नाही, हे हॉटेलशी आधी बोलून ठेवायचं असतं. ते कोणी बोललेलं नव्हतं. फोमच्या तलवारी मात्र बिनबोभाट आत गेल्या.

आता मुख्य मुद्दा. हॉल. हॉल मोठा, एकच घ्यावा आणि त्याचे सरकत्या पार्टिशनने चार तुकडे करून घ्यावेत. भिंत सरकतीच हवी. पक्क्या भिंतीच्या खोल्यांत लोक निवांत खेळतात, आणि निवांतपणात मुंबईचं काय उरलं?

माझा खेळ गिरणी संपाचा. १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. माझी गोष्ट त्याच डिसेंबरातली, संपाचा अकरावा महिना, लालबागची एक चाळ, चोवीस पात्रं. कोण कामावर परत गेलंय, कोण गावी निघालंय, कोणाचं रेशन संपलंय. मुद्दाम हळू चालणारा खेळ आहे हा. तिसऱ्या तासाला एक बाई आपलं मंगळसूत्र काढून टेबलावर ठेवते, आणि नंतर कोणीच काही बोलत नाही. ती दोन मिनिटं हाच खेळ. बाकीचे तीन तास त्या दोन मिनिटांची तयारी.

तिने मंगळसूत्र ठेवलं. चोवीस माणसं गप्प झाली. आणि पार्टिशनपलीकडून माइकवर आवाज आला, “आता नवरीच्या आत्याबाईंनी स्टेजवर यायचंय! जोरदार टाळ्या!”

साखरपुडा होता. लोकांनी साखरपुडा करू नये का? जरूर करावा, आत्याबाईंनी नाचावं, नाचल्याही असतील. पण त्यांच्या ठेक्यावर माझ्या एका संपकऱ्याचा पाय हलायला लागला. त्याच्या लक्षातही आलं नाही. माझ्या आलं. कामावर परत गेलेल्या कामगाराची आई झालेली पोरगी पदर तोंडात कोंबून हसू दाबत होती, खांदे हलत होते, नि समोरच्या बाईला वाटलं ती रडतेय, म्हणून ती खरंच रडायला लागली. पार्टिशनखाली दोन बोटं फट होती. त्या फटीतून एक अर्धवट फुगलेला लाल फुगा आमच्या चाळीत आला. मागोमाग एक छोटा हात. फुगा चाचपायला लागला. माझ्या खेळात शेजारचं पोर झालेला मुलगा उठला, फुगा उचलला, त्या हातात दिला आणि आपल्या जागी येऊन बसला. पात्र सोडलं नाही त्याने. इतके गुणी खेळाडू मिळतात, आणि आपण त्यांना काय देतो? चाकांवरची भिंत!

मी बँक्वेट मॅनेजरकडे गेले. म्हणाला, “मॅडम, भिंत साउंडप्रूफच आहे. त्यांचा आवाज जास्त आहे.”

जेवण प्रति प्लेट ठरवावं, वर जीएसटी. बाहेरचा वडापाव आत आणल्यास दंड.

कोणी तक्रार केलीच तर ग्रुपवर परदेशचा दाखला टाकावा. आम्हाला मिळाला तो असा: “नॉर्डिक देशांतलं क्नुटेपुंक्ट बघा. १९९७ला ऑस्लोत सुरू झालं आणि दरवर्षी देश बदलतं!” लार्पवाल्यांचंच संमेलन ते, आणि देश बदलतं खरं. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड असं फिरतं, आणि प्रत्येक ठिकाणी तिथल्या भाषेतलं नाव घेतं. फिनलंडमध्ये तर थेट सोल्मुकोहता. पण ज्या देशात जातं तिथलीच मंडळी ते भरवतात, आपली भाषा आणि आपली ठिकाणं माहीत असलेली. आमच्याकडे कांजूरला रविवारी गाडी थांबते का, हे माहीत नसलेल्यांनी भरवलं.

आणखी एक टीप होती, स्वयंसेवकांना खोलीची चावी कशी देऊ नये याची. पण आता जीवावर आलंय उपरोध करत बसणं. सरळच बोलते.

अरे बाबांनो, तुम्ही आम्हाला विचारलंत का? अकरा खेळ होते. अकरा जणांनी ते लिहिले, पदराला खार लावून प्रॉप जमवले, रात्र-रात्र कॅरेक्टर शीट छापल्या. त्या अकरांपैकी एकाला तरी फोन केलात, की बाई, तुझ्या खेळाला कशी खोली लागते? ग्रुपवर पोल टाकलात तो टी-शर्टच्या रंगाचा. जुनी जागा कमी पडत होती, हे मलाही दिसत होतं. दोनशे माणसं तिथे मावणार नव्हती, आग लागली असती तर एका जिन्याने किती जण उतरले असते, हा प्रश्न मीच दोन वर्षांपूर्वी काढला होता. हलवायला हवंच होतं. पण मग परळ-दादरची सभागृहं बघायची, सुट्टीतल्या शाळा बघायच्या, तिथे निदान वर्गांना विटांच्या भिंती असतात. पाहणीला खेळ चालवणारा एक माणूस न्यायचा, शनिवारी संध्याकाळी न्यायचा, आणि त्याने पार्टिशनपलीकडे उभं राहून ओरडून बघायचं. एवढंच करायचं होतं. ते न करता तुम्ही धबधब्यासमोर फोटो काढलेत आणि शंभर प्लेटचा ॲडव्हान्स भरून मोकळे झालात. ग्रुपवर आम्ही बोललो तर “निगेटिव्ह होऊ नका.” अकरापैकी चौघांनी पुढच्या वर्षी खेळ देणार नाही म्हणून कळवलंय. त्यांच्या मेसेजवर तुमचा हात जोडलेला इमोजी आहे. त्याने काय होणार?

आणि तो स्टोव्ह. संमेलन संपल्यावर पावती घेऊन दारावर गेले तर माणूस बदललेला. हॉटेल म्हणतं आयोजकांशी बोला, तुम्ही म्हणता हॉटेलशी बोला. तीन आठवडे झाले. पितळी आहे, तीन पायांचा, एक पाय आत वाकलेला, टाकीवर आजोबांचं नाव घातलेलं. खऱ्या संपात आमच्या घरी त्याच्यावर पिठलं शिजलंय, रोज तेच. पुढच्या वर्षीचं हॉटेल कुठलं, लोगो कुठला, ते सावकाश ठरवा. आधी माझा स्टोव्ह आणून द्या. गाडी काढून जा, पार्किंग प्रशस्त आहे.