‘मा’ म्हणजे मुहम्मद? चिनी मुसलमानांबद्दलच्या फॉरवर्डला उत्तर

सध्या एक फॉरवर्ड जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं असं: चिनी मुसलमानांचं ‘मा’ आडनाव म्हणजे ‘मुहम्मद’च, मिंग घराण्याच्या (1368 ते 1644) बादशहाने जबरदस्तीने त्यांची नावं बदलली, आणि त्यांचे धार्मिक शब्द थेट अरबीतून आले, फक्त उच्चार बिघडले.

आधी ‘मा’. हान राजवटीचा सेनापती मा युआन इसवी सन 49 मध्ये वारला, पैगंबरांच्या जन्माच्या पाचशेहून अधिक वर्षं आधी. आडनाव मूळचं चिनीच आहे आणि आजही मुसलमान नसलेली ‘मा’ घराणी भरपूर आहेत. फॉरवर्डमध्ये तथ्य आहे ते एवढंच, की चिनी लिपीत दर चिन्ह एका उच्चारखंडाचं असतं. त्यामुळे मिंग काळात मुहम्मद हे नाव ‘मा-हा-मा’ असं तीन चिन्हांत लिहीत, आणि त्यातलं पहिलं चिन्ह आडनाव म्हणून आयतंच प्रचारात होतं. पण महमूद, मसूद यांच्यापासूनही ‘मा’च निघतं, म्हणून आडनावावरून मूळ पुरुष ओळखता येत नाही. मंगोल अमदानीत नैर्ऋत्य चीनमधल्या युन्नानचा कारभार पाहणाऱ्या सय्यद अजल शम्सुद्दीनच्या मुलाचं, नासिरुद्दीनचं नाव ‘ना-सु-ला-दिंग’ असं लिहिलं जाई; ना, ला, दिंग ही आडनावं त्यातूनच फुटली, असं त्या घराण्यांची परंपरा सांगते.

जबरदस्तीचं अर्धंच सांगितलं जातं. 1368 मध्ये परकी पोशाख, भाषा आणि आडनावांवर बंदी आली, हे खरं. पण 1370 मध्ये त्याच होंगवू बादशहाने (मिंग घराण्याचा पहिला) मंगोल आणि पश्चिमेकडून आलेल्या लोकांना नावं बदलायला मनाई केली. पुढच्या पिढ्या आपलं मूळ विसरतील, हे कारण त्याने दिलं. मिंग काळातला प्रसिद्ध दर्यावर्दी झेंग हे, त्याच्या वडिलांचा 1405 चा शिलालेख पाहा: आडनाव ‘मा’, आणि नावाच्या जागी उघडपणे ‘हाजी’. मजकूर लिहिणारा खुद्द दरबारातला धर्मविधींचा मंत्री होता.

तिसरा दावा सर्वांत चुकीचा. युआन काळात, म्हणजे चीनवर मंगोलांचं राज्य असताना, आलेल्या मुसलमानांची आपसातली भाषा फारसी होती, आणि मशिदींतल्या शिक्षणात फारसी कवी सादीचं ‘गुलिस्तान’ होतं. त्यामुळे मौलवी म्हणजे ‘आहोंग’, फारसी आखुंदवरून. ईश्वर ‘हूदा’, म्हणजे खुदा. पाच नमाजांची जुनी नावं बांगदा, पिएशेन, दिगेर, शामू, हूफूतान; मूळ बामदाद, पेशीन, दीगर, शाम, खुफ्तन. यांत फज्र, जुहर ही अरबी नावं नाहीत.

शिवाय बरेच शब्द मुळात उसने नाहीतच. चिनी मुसलमान पंडित वांग दाइयूने 1642 च्या ग्रंथात कन्फ्यूशियन परिभाषेतून धर्म मांडला. इस्लामच्या पाच स्तंभांसाठी (कलमा, नमाज, रोजा, जकात, हज) पाच चिनी शब्द रुळले: न्येन, ली, झाय, क, चाओ. यांतला हजचा ‘चाओ’ म्हणजे सम्राटापुढे दरबारात हजर होणं, आणि जकातीचा ‘क’ म्हणजे कर. मशिदीसाठी आणि हलालसाठी वापरला जाणारा ‘छिंगझेन’ (निर्मळ आणि खरं) हा शब्द तर तांग काळातला कवी ली बाय याच्या कवितेत आहे, आणि कायफेंग शहरातल्या ज्यूंनी 1489 च्या शिलालेखात आपल्या प्रार्थनास्थळालाही तोच वापरला. धर्माचं अधिकृत नाव ‘यिसिलान’ झालं ते 1956 मध्ये, राज्य परिषदेच्या (चीनचं केंद्रीय मंत्रिमंडळ) 2 जूनच्या सूचनेने. त्याआधी सरकारी कागदांत ‘हुइ धर्म’ (हुइ म्हणजे चिनी मुसलमान) असं लिहीत.