नवस आणि नेम

सोलापुरात पहाटे पाच वाजता पळणाऱ्या माणसाला अजूनही थोडे स्पष्टीकरण द्यावे लागते. पहिल्याच आठवड्यात चार हुतात्मा पुतळ्यांजवळ चहाची गाडी लावणाऱ्या गृहस्थांनी मला थांबवून काळजीने विचारले होते, "मालक, कशाला पळालाव ओ? काय झालं?" रक्तातली साखर वाढली आहे, असे मी प्रामाणिकपणे सांगितले. आज सहा वर्षांनी त्यांनी तोच प्रश्न केला, तर मी अडखळेन. ते का, हे सांगायला बसलो आहे. पोस्ट लांबणार, याची कल्पना आहे.

सुरुवातीचे माझे पळणे म्हणजे निव्वळ नवस होता. तीन महिने पळेन, साखर उतरू दे, एवढाच करार. साखर उतरली, नवस फिटला आणि बूट माळ्यावर गेले. वर्षभरात साखर व्याजासह परत आली. दुसऱ्या खेपेला मी मनगटावर घड्याळ बांधले आणि दहा किलोमीटरच्या एका शर्यतीत नाव घातले. पहिले तीन किलोमीटर विशीतल्या मुलांबरोबर पळालो, सातव्या किलोमीटरला फुटपाथवर बसलो आणि माझ्यापेक्षा वयाने मोठ्या एक बाई नऊवारीचा काष्टा सावरत शांतपणे पुढे निघून गेल्या. त्या दिवशी अपमान वाटला होता. आता वाटते की तेवढ्यासाठी भरलेले प्रवेशशुल्क मुळीच वाया गेले नाही.

त्यानंतर मी सावकाश पळायला शिकलो. पळताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे, हा जाणत्या धावपटूंचा साधा नियम आहे. माझे वाक्य ठरलेले आहे. किल्ल्याच्या तटाकडेने सिद्धेश्वर तलावाजवळ आलो की "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" हा संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतला जयजयकार मी मनाशी नव्हे, तोंडाने म्हणतो. तो मध्ये न तुटता म्हणता आला तर वेग बरोबर, धाप लागली तर पाय आवरायचे. यात श्रद्धा किती आणि शरीरशास्त्र किती, हे वेगळे काढण्याचा प्रयत्न मी सोडून दिला आहे. पळण्यातल्या त्या हलक्या, तरंगत्या सुखाचे श्रेय पूर्वी एंडॉर्फिन या द्रव्याला दिले जाई. आता संशोधक शरीरातच तयार होणाऱ्या, भांगेतील घटकांशी साधर्म्य असलेल्या द्रव्यांकडे बोट दाखवतात. महादेवाच्या देवळाशेजारी पळणाऱ्याला यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही!

हा तलाव बाराव्या शतकात शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी आपल्या अनुयायांसह श्रमदानाने खोदला, असे परंपरा सांगते. आमच्या गल्लीतले कन्नड बोलणारे आजोबा येताजाता "कायकवे कैलास" म्हणत, म्हणजे काम हाच कैलास. लहानपणी मला ते कामचुकार पोरांना दटावण्याचे वाक्य वाटे. काठाने रोज चकरा मारताना मात्र डोक्यात येते की ज्यांनी इथली माती उपसली, त्यांना पाणी लागेपर्यंत रोज तेच खोरे आणि तीच पाटी उचलावी लागली असेल.

आणि मग वडील आठवतात. ते गिरणीत होते. दरवर्षी कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जात, रात्रभर, अनवाणी. अंतर सुमारे ४५ किलोमीटर. मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची असते आणि ती पुरी करणाऱ्याला पदक मिळते. वडिलांना मॅरेथॉन हा शब्दही ठाऊक नव्हता. मी कॉलेजात असताना मोठ्या तोऱ्यात विचारले होते, "आबा, एवढं चालून देवीनं दिलं काय?" ते म्हणाले, "मागितलंय कुठं?" मी ते उत्तर चुकवण्याची युक्ती समजलो. गिरणी बंद पडली त्या वर्षीही ते चालत गेले, तेव्हा तर मला त्यांचा रागच आला होता. नवस आणि नेम यांतला फरक मला पन्नाशीत, गुडघ्याला पट्टी बांधल्यावर कळला. नवसाला मुदत असते आणि हिशेब असतो. नेमात आजचा दिवस असतो, उद्या पुन्हा तोच असतो, आणि फळ मिळाले तर ते आनुषंगिक असते.

गुडघ्याचे निघाले म्हणून सांगतो. नेमाचा अतिरेक करून मी एका उन्हाळ्यात सलग चाळीस दिवस पळालो. सोलापूरचे ऊन कोरडे असल्याने घाम अंगावर दिसण्याआधीच उडून जातो, शरीरातले पाणी आणि मीठ किती गेले ते समजत नाही. पायात गोळे आले, गुडघा सुजला आणि डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. चिडचिड करत पडून असताना आईने आठवण करून दिली की महिषासुराशी लढून झाल्यावर तुळजाभवानीसुद्धा दसऱ्यापासून कोजागरीपर्यंत श्रमनिद्रा घेते. तुझं काय मोठं युद्ध चाललंय, असा तिचा पुढचा प्रश्न होता. तेव्हापासून आठवड्यातून दोन दिवस मी पळत नाही आणि त्याबद्दल अपराधीही वाटून घेत नाही.

पळणाऱ्या प्रत्येकाला देव भेटतो, असला दावा मी करणार नाही. पळणारी पुष्कळ माणसे फक्त स्वतःचे फोटो टाकतात. मीही टाकले आहेत.

गेल्या कोजागरीला मी तुळजापूरला गेलो. पळत नाही, चालत. तो रस्ता त्या रात्री पळण्याचा नसतो. वाहने बंद होती, माणसांचा लोंढा होता, जागोजागी केळी आणि चहा वाटणारे हात पुढे येत होते. घड्याळ चालू केले होते, कारण ४५ किलोमीटरची नोंद कुणाला नको असते? तामलवाडीच्या पुढे, अडतिसाव्या किलोमीटरला, त्याची बॅटरी संपली. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून त्याचे बटण दाबत बसलो. मागून येणाऱ्या एका म्हाताऱ्याने माझ्या हातात चहाचा कागदी पेला दिला आणि म्हणाला, "बंद पडलं व्हय? असू द्या. चला."