सामना हरले म्हणून युद्ध? तारखा तसं सांगत नाहीत

फुटबॉलचा विश्वचषक जवळ आला की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण ऐवज असा : १९६९ मध्ये होंडुरास आणि एल साल्व्हाडोर या शेजारी देशांत फुटबॉलच्या सामन्यावरून युद्ध पेटलं. हरलेल्या देशाने रागाच्या भरात दुसऱ्यावर हल्ला केला. पराभव सहन न होऊन एका तरुणीने जीव दिला. शंभर तासांत हजारो माणसं मेली आणि त्या एका सामन्यामुळे दोन्ही देश कायमचे वैरी झाले. खाली फुटबॉलवेड्यांना एक टोमणा आणि हात जोडलेली इमोजी.

शंभर तासांची लढाई झाली, माणसं मेली, हे खरं आहे. बाकीचं एकेक घेऊ.

"हरलेल्या देशाने हल्ला केला"

हे सगळ्यात सोपं, कारण इथे नुसता निकाल पाहिला तरी पुरतं.

१९७० चा विश्वचषक मेक्सिकोत होता. यजमान म्हणून मेक्सिकोची जागा पक्की, त्यामुळे उत्तर व मध्य अमेरिका आणि कॅरिबियन विभागात बाकीच्यांसाठी एकच जागा उरली. उपांत्य फेरीत होंडुरास विरुद्ध एल साल्व्हाडोर अशी गाठ पडली. पहिला सामना ८ जूनला होंडुरासच्या राजधानीत, तेगुसिगाल्पात. होंडुरास १-० ने जिंकला, गोल अगदी शेवटी झाला. दुसरा १५ जूनला सान साल्व्हाडोरमध्ये. तो एल साल्व्हाडोरने ३-० असा घेतला.

आजच्या पद्धतीने दोन्ही सामन्यांचे गोल मिळवले असते, तर ३-१ अशा बेरजेवर एल साल्व्हाडोर तिथेच पुढे गेला असता. तेव्हा गोलांची बेरीज धरत नव्हते. दोघांचा एकेक विजय, गुण सारखे, म्हणून तटस्थ मैदानावर तिसरा सामना. तो जूनच्या शेवटच्या आठवड्यात मेक्सिको सिटीच्या अझ्टेका मैदानावर झाला. नव्वद मिनिटांनंतर २-२. जादा वेळेत, १०१ व्या मिनिटाला, मॉरिसियो 'पिपो' रॉद्रिगेझने गोल केला आणि एल साल्व्हाडोर ३-२ ने जिंकला.

१४ जुलैला सीमा ओलांडून सैन्य घुसवलं ते एल साल्व्हाडोरने. म्हणजे जिंकलेल्याने. पराभवाच्या रागाची गोष्ट इथेच संपायला हवी होती, पण फॉरवर्ड करणाऱ्यांपैकी निकाल कोण तपासतो?

विश्वचषकाचं तिकीट मिळाल्याचा उन्माद होता, असंही कुणी म्हणेल. तिकीट तेव्हा मिळालंच नव्हतं. अंतिम फेरी हैतीशी बाकी होती आणि ती युद्धानंतर, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये झाली. तिथेही तोच प्रकार : एल साल्व्हाडोर हैतीत २-१ ने जिंकला, घरी ०-३ ने हरला आणि तिसरा सामना जमैकात किंग्स्टनला १-० ने काढला. घरच्या मैदानावर तीन गोल खाऊनही एल साल्व्हाडोरने हैतीवर विमानं पाठवली नाहीत. हैतीत त्याचे तीन लाख लोक राहत नव्हते; होंडुरासमध्ये राहत होते.

"युद्ध सामन्यावरून पेटलं"

ते तीन लाख लोक हेच या प्रकरणाचं मूळ, त्यामुळे इथे थोडं थांबावं लागेल.

एल साल्व्हाडोरचं क्षेत्रफळ जेमतेम २१ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याहून थोडं मोठं. होंडुरासचं १ लाख १२ हजार, पाचपटीहून अधिक. लोकसंख्येचं मात्र उलटं : लहान देशात ३५ लाखांच्या आसपास माणसं आणि मोठ्या देशात त्याहून दहा लाखांनी कमी.

पण जमीन अपुरी पडली ती फक्त माणसं वाढली म्हणून नाही. १८८१-८२ मध्ये एल साल्व्हाडोरच्या सरकारने गावांच्या सामाईक जमिनी कायद्याने मोडीत काढल्या. त्या कॉफीच्या मळ्यांसाठी मोजक्या घराण्यांच्या हाती गेल्या. १९६० च्या दशकापर्यंत देशातली जवळपास निम्मी शेतं एक हेक्टरपेक्षा लहान उरली होती. अडीच एकरही नाही, तेही डोंगरउतारावर, मका आणि घेवड्यापुरतं. ज्याच्याकडे तेवढंही नव्हतं तो मळ्यावर मजुरीला जाई, नाहीतर सीमा ओलांडे.

पलीकडे होंडुरासच्या उत्तर किनाऱ्यावर अमेरिकी कंपन्यांच्या केळीच्या बागा होत्या. तिथे मजूर हवे होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांपासून लोक जात राहिले. बागांतली कामं कमी झाली तेव्हा त्यांनी पडीक, सरकारी किंवा गावठाणाच्या जमिनी साफ करून कसायला घेतल्या. पिढी-दोन पिढ्या कसल्या, पण कागद नाही. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव नसताना जमीन कसणाऱ्याची जी गत होते, तीच त्यांची, वर परदेशी असल्याचा शिक्का.

१९६२ मध्ये होंडुरासने जमीन सुधारणा कायदा केला. त्यात मेख अशी की जमीन मिळणार ती जन्माने होंडुरासी असलेल्यालाच. काही वर्षं कायदा थंड पडून होता. १९६० च्या दशकाच्या अखेरीस होंडुरासमधले भूमिहीन शेतकरी संघटित होऊन जमीन मागू लागले आणि जनरल ओस्वाल्दो लोपेझ अरेयानोच्या सरकारपुढे दोनच वाटा उरल्या. एक, मोठ्या जमीनदारांच्या आणि फळकंपन्यांच्या जमिनीला हात लावायचा. दोन, परक्यांच्या ताब्यातली काढून द्यायची. जमीनदारांच्या संघटनेचा जोर कोणत्या वाटेवर होता, हे सांगायला नको.

आता तारखा लावून बघा.

१९६७ : सीमेवर चकमकी, सैनिकांची धरपकड.
जानेवारी १९६९ : दोन देशांतला स्थलांतराचा करार पुढे चालू ठेवायला होंडुरासचा नकार.
एप्रिल १९६९ : जन्माने होंडुरासी नसलेल्यांना सुधारणा कायद्याखालच्या जमिनींवरून काढणार, अशी होंडुरासच्या जमीन खात्याची घोषणा.
मे अखेर : बायकापोरांसह साल्व्हाडोरी कुटुंबं सीमेकडे निघालेली.
८ जून : पहिला सामना.

पहिली शिटी वाजण्याआधीच लोकांची घरं मोडायला लागली होती. सामना काढून टाकला तरी ही यादी तशीच राहते. ही यादी काढून टाकली तर उरतो तो एक गुंडगिरीने भरलेला पात्रता सामना, जसे त्या काळात लॅटिन अमेरिकेत अनेक होत.

त्यात व्यापाराचं दुखणं वेगळं. १९६० मध्ये मध्य अमेरिकी सामाईक बाजार स्थापन झाला. कारखाने जास्त करून एल साल्व्हाडोर आणि ग्वाटेमालात, आणि होंडुरास मुख्यतः त्यांचा पक्का माल घेणारं गिऱ्हाईक. होंडुरासच्या व्यापाऱ्यांच्या मनात साल्व्हाडोरी मालाबद्दल जी अढी होती, ती साल्व्हाडोरी माणसावर निघायला वेळ लागला नाही.

"पराभवाने तरुणीने आत्महत्या केली"

पहिल्या सामन्यातला शेवटचा गोल टीव्हीवर पाहून एका साल्व्हाडोरी मुलीने वडिलांच्या पिस्तुलाने स्वतःला संपवलं, राष्ट्राध्यक्ष तिच्या अंत्ययात्रेत चालले, अशी ही गोष्ट. ती जगभर पोहोचली एका पोलिश वार्ताहराच्या लिखाणातून, आणि हा वार्ताहर तपशील रंगवतो असा आक्षेप त्याच्या इतर लिखाणावरही घेतला गेला आहे. तरीही क्षणभर ती शब्दशः खरी धरू. त्याने काय सिद्ध होतं? एका मुलीच्या मृत्यूने महिनाभराने फौजा हलतात, आणि मधल्या काळात हाकललेल्या हजारो कुटुंबांनी हलत नाहीत, असं मानायला फार भाबडेपणा लागतो.

"म्हणजे फुटबॉलचा काहीच संबंध नव्हता"

हा दुसऱ्या टोकाचा दावा. मूळ मजकूर खोडणारे लोक उत्साहात इथवर येतात, तर त्यांनाही उत्तर द्यायला हवं. संबंध होता. त्याची जागा मात्र नेमकी सांगता येते.

दोन्ही गावांत पाहुण्या संघाच्या हॉटेलबाहेर रात्रभर गोंगाट करून खेळाडूंना झोपू दिलं नाही. १५ जूनला सान साल्व्हाडोरमध्ये होंडुरासी खेळाडूंना लष्करी बंदोबस्तात न्यावं-आणावं लागलं, प्रेक्षकांना मारहाण झाली. या बातम्या रेडिओवरून आणि वर्तमानपत्रांतून मीठमसाला लावून तेगुसिगाल्पात पोहोचल्या. त्यानंतर होंडुरासमध्ये साल्व्हाडोरी वस्त्यांवर आणि दुकानांवर हल्ले सुरू झाले. 'मांचा ब्रावा' नावाची सत्ताधारी पक्षाशी जोडलेली टोळी त्यात पुढे होती. आधी नोटिशीच्या वेगाने चाललेलं निष्कासन आता जमावाच्या वेगाने होऊ लागलं. २६ जूनला एल साल्व्हाडोरने राजनैतिक संबंध तोडले तेव्हा त्याच्या सरकारचा दावा होता की १५ तारखेच्या सामन्यानंतरच्या दहा दिवसांत ११,७०० साल्व्हाडोरींना होंडुरास सोडावं लागलं. आकडा एका बाजूचा आहे, तो तसाच वाचावा. पण संबंध तोडण्याचं कारण म्हणून त्या सरकारने पुढे केली ती माणसांची हकालपट्टी, रेफरीचा निर्णय नव्हे.

सामन्यांनी वेग वाढवला. आणि दोन्ही लष्करी राजवटींना आयता झेंडा दिला. तिकडे लोपेझ अरेयानोला संप आणि असंतोषावरून लक्ष हटवायचं होतं. इकडे एल साल्व्हाडोरचे राष्ट्राध्यक्ष फिदेल सांचेझ एर्नांदेझ यांच्यापुढे वेगळाच पेच : हे लाखो लोक परत आले तर जमीन मागणार, आणि जमीन चौदा घराण्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कॉफीवाल्यांकडे. त्यांच्याकडून काढून घेण्यापेक्षा होंडुरासला धाक घालून लोकांना तिथेच राहू द्यायला लावणं सोपं वाटलं असावं.

"रागाच्या भरात हल्ला"

राग महिनाभर टिकवून, दोन आघाड्यांची आखणी करून कुणी हल्ला करत नाही. १४ जुलैच्या संध्याकाळी साल्व्हाडोरी विमानांनी तेगुसिगाल्पाच्या तोन्कोंतीन विमानतळावर बॉम्ब टाकले. त्यात मालवाहू सी-४७ सुद्धा होती. पायदळ पॅन-अमेरिकन महामार्गाच्या बाजूने एकीकडे आणि वायव्येला नुएवा ओकोतेपेकेच्या दिशेने दुसरीकडे निघालं. ओकोतेपेके पडलं. मग गाडी अडली. दुसऱ्याच दिवशी होंडुरासच्या हवाई दलाने किनाऱ्यावरचे तेलसाठे लक्ष्य केले आणि इंधन-दारूगोळा कमी पडायला लागला. १७ जुलैला कॅप्टन फर्नांदो सोतोने आपल्या कॉर्सेअर विमानातून तीन साल्व्हाडोरी विमानं पाडली. दोन्हीकडे दुसऱ्या महायुद्धाच्या जमान्यातली अमेरिकी पंख्याची विमानं. पंख्याच्या लढाऊ विमानांची आपसातली ही शेवटची झुंज मानतात.

अमेरिकी राष्ट्रांच्या संघटनेने मध्यस्थी केली. १८ जुलैच्या रात्री शस्त्रसंधी ठरली, २० ला पूर्ण अमलात आली. साल्व्हाडोरी फौजा मात्र निर्बंधांची धमकी आल्यावर, ऑगस्टच्या सुरुवातीला मागे गेल्या. त्यांच्या अटी होत्या : आमच्या लोकांवर झालेल्या हल्ल्यांची भरपाई द्या आणि होंडुरासमध्ये उरलेल्यांच्या जिवाची हमी द्या. फुटबॉलविषयी एकही कलम कुणी मागितलं नाही.

मृतांचा अंदाज बहुतेक ठिकाणी दोन ते तीन हजार दिला जातो, त्यातले बहुसंख्य साधे नागरिक. बेघर झालेल्या साल्व्हाडोरींची संख्या त्याच्या कितीतरी पट. व्हायरल मजकुरात त्यांचा एका शब्दाने उल्लेख नसतो, आणि मला सगळ्यात खटकतं ते हेच.

"त्या सामन्याने देश कायमचे वैरी झाले"

वैर टिकलं, पण ते मैदानावरचं नव्हतं. सीमा बंद, व्यापार बंद, सामाईक बाजार खिळखिळा. शांततेचा तह व्हायला ३० ऑक्टोबर १९८० उजाडलं, तोही पेरूच्या लिमा शहरात. सीमेवरच्या वादग्रस्त पट्ट्यांचा निवाडा आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ११ सप्टेंबर १९९२ ला दिला आणि त्यातला सुमारे दोन तृतीयांश भाग होंडुरासकडे गेला. परत आलेल्या भूमिहीनांचा भार घेऊन एल साल्व्हाडोर मधल्या काळात स्वतःच्याच यादवी युद्धात बारा वर्षं होरपळला.

फुटबॉलचं बघाल तर, ज्या जागेसाठी १९६९ मध्ये एवढं झालं ती मिळवून एल साल्व्हाडोरने १९७० च्या विश्वचषकात तीन सामने खेळले, तिन्ही हरला, नऊ गोल खाल्ले, एकही केला नाही. १९८१ मध्ये पुढच्या विश्वचषकाची पात्रता स्पर्धा तेगुसिगाल्पातच भरली. यजमान होंडुरासची जागा पक्की झाली होती. शेवटचा सामना त्यांचा मेक्सिकोशी. मेक्सिको जिंकला असता तर एल साल्व्हाडोर बाहेर. होंडुरासने मेक्सिकोला बरोबरीत रोखलं आणि शेजाऱ्याला स्पेनचं तिकीट मिळालं. दोघेही १९८२ चा विश्वचषक खेळले. तिथे एल साल्व्हाडोरचा प्रशिक्षक होता पिपो रॉद्रिगेझ, १०१ व्या मिनिटाला गोल करणारा तोच.

भांडण अजून आहे ते दोन्ही देशांच्या किनाऱ्याला लागून असलेल्या फोन्सेकाच्या आखातात. मेआंगेरा बेट एल साल्व्हाडोरला आणि एल तिग्रे होंडुरासला, हे १९९२ च्या निकालात ठरलं. निकालाचा फेरविचार करा हा एल साल्व्हाडोरचा अर्ज २००३ मध्ये फेटाळला गेला. कोनेहो नावाच्या चिमुकल्या बेटाचा निवाडा मात्र त्या निकालात नव्हता. तिथे होंडुरासचे सैनिक असतात आणि एल साल्व्हाडोर त्यावर हक्क सांगतो.