'विक्रांत'ला भंगार म्हणण्याआधी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की महायुद्ध संपल्यावर ब्रिटनने नको झालेल्या हलक्या विमानवाहू नौका दोस्तांच्या गळ्यात मारल्या, १९५७ मध्ये आपणही पैसे मोजून तेच भंगार घेतलं, म्हणजे आपली पहिली विमानवाहू नौका 'विक्रांत', आणि मी तिच्यावरच्या लेखात त्याला 'मैत्रीचा हात' म्हटलं.

'मैत्रीचा हात' हे माझं चुकलंच. तो व्यवहार होता. फ्रान्सला यांतलीच 'कोलोसस' १९४६ मध्ये पाच वर्षांसाठी उसनी मिळाली आणि १९५१ मध्ये त्यांनी ती विकतच घेतली. कॅनडाला मिळालेली 'वॉरियर' तर उत्तरेच्या थंडीसाठी सज्जच नव्हती. दोन वर्षांत परत गेली. भारत तर कुणाच्या लष्करी गटातही नव्हता.

भंगार हा शब्द मात्र मला मान्य नाही.

या नौकांचा आराखडा १९४२ चा, घाईचा. सांगाड्याला व्यापारी जहाजांचे नियम लावले, म्हणजे युद्धनौकांची सवय नसलेल्या गोद्यांनाही त्या बांधता येतील. चिलखत नाही. अपेक्षित आयुष्य युद्ध संपेपर्यंत, फार तर तीन वर्षं. एवढंच वाचलं तर तुमचा संशय रास्त वाटतो. पण हँगरची, म्हणजे डेकखाली विमानं ठेवायच्या दालनाची, उंची बघा: साडेसतरा फूट. ब्रिटनच्या चिलखती विमानवाहू नौकांचे हँगर इतके ठेंगणे होते, की अमेरिकन कॉर्सेअर विमानं आत बसवायला पंखांची टोकं कापावी लागली. या साध्या जहाजांत ती अडचण नव्हती. मुंबईत 'विक्रांत'चं संग्रहालय होतं तेव्हा मी त्या हँगरमध्ये उभा राहिलोय. विमानं वर नेणाऱ्या लिफ्टच्या तोंडाशी मान वर करून पाहिलं, तेव्हा ही उंची कशासाठी ते पुस्तकाविना कळलं.

'विक्रांत' म्हणजे मूळची 'हर्क्युलिस'. २२ सप्टेंबर १९४५ ला पाण्यात उतरली, तोवर जपानने शरणागती पत्करली होती. १९४६ मध्ये काम थांबलं आणि ती दहा वर्षं अर्धवट पडून राहिली. तुम्ही याच दहा वर्षांकडे बोट दाखवता. मला तेच तिचं भाग्य वाटतं. त्याच काळात जेट विमानं आली, आणि त्यांच्यासाठी तिरका डेक (उतरायची पट्टी जहाजाच्या रेषेशी कोनात) आणि वाफेवरचं कॅटापल्ट (विमानाला जोराने पुढे फेकणारं यंत्र) आलं. जहाज पुरं झालेलंच नव्हतं, त्यामुळे बेलफास्टच्या गोदीत या गोष्टी बांधतानाच बसवता आल्या. ४ मार्च १९६१ ला ती नौदलात आली आणि १८ मे रोजी लेफ्टनंट ताहिलियानी यांनी तिच्यावर पहिलं जेट उतरवलं. पुढे ते नौदलप्रमुख झाले.

'विक्रांत'चे बॉयलर बिघडलेले होते हे तुम्ही लिहिलंय ते खरं आहे, आणि मी ते लेखात घ्यायला हवं होतं. १९७० मध्ये बॉयलरच्या ड्रमना भेगा सापडल्या. त्या वेल्डिंगने बुजणाऱ्या नव्हत्या. त्यामुळे वाफेचा दाब कमी ठेवणं भाग होतं, आणि दाब कमी म्हणजे नुसता वेग जात नाही. कॅटापल्टलाही वाफ त्याच बॉयलरची लागते, आणि वारा पडलेला असला की विमान उडवायला लागणारा समोरचा वारा जहाजाने स्वतःच्या वेगाने निर्माण करायचा असतो. या अवस्थेत ४ डिसेंबर १९७१ पासून तिच्यावरच्या सी हॉक या जेट विमानांनी पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजार आणि चितगावावर हल्ले केले. इंजिनरूममध्ये ती वाफ सांभाळणाऱ्यांचं नाव कुठे घेतलं जात नाही, याचं मला फार वाईट वाटतं. भंगार या शब्दावर मी अडतो तो त्यांच्यासाठीही.

आणखी एक. याच आराखड्याची 'व्हेंजन्स' १९४५ मध्ये ब्रिटनच्या सेवेत आली, मग उसनी म्हणून ऑस्ट्रेलियात गेली, नंतर ब्राझीलने विकत घेतली आणि 'मिनास जेराइस' या नावाने २००१ पर्यंत चालवली. तीन वर्षांसाठी बांधलेलं जहाज छप्पन्न वर्षं टिकलं. शेवटी ते तोडायला आलं आपल्याकडेच, गुजरातेत अलंगला. २०१४ मध्ये मुंबईत दारूखान्याच्या किनाऱ्यावर 'विक्रांत'ही तोडायला घेतली गेली.

'मैत्रीचा हात' असलेलं वाक्य आज लेखातून काढतोय, आणि बॉयलरचा परिच्छेद तुमचा उल्लेख करून घालतोय.