लग्न नसलं तरी बाप बापच

एका लेखात 'लग्न न करता बाप झालेल्या पुरुषाला मुलावर कायद्याने काहीच हक्क नाही' असं सरसकट लिहिलं आहे. हे अर्धवट आहे आणि अशा अर्धवट माहितीमुळे कितीतरी जण कोर्टाची पायरीच चढत नाहीत.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, 1956 च्या कलम 6 प्रमाणे अशा मुलाची नैसर्गिक पालक आई, तिच्यानंतर वडील. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर अविवाहित आईला वडिलांना नोटीस न देताही पालकत्व मिळू शकतं असं ठरवलं. तो निकाल मला योग्य वाटतो, कारण त्या प्रकरणातल्या वडिलांनी मुलाकडे पाहिलंच नव्हतं. पण जो बाप मुलाला भेटण्यासाठी तळमळतोय त्याचं काय? त्याला 1890 च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली अर्ज करता येतो. कौटुंबिक न्यायालयाच्या 1984 च्या कायद्यात ताब्याबरोबर मुलाच्या भेटीचाही स्पष्ट उल्लेख आहे. निकष एकच, मुलाचं हित.

पोटगीत मात्र पळवाट नाही. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं (CrPC) कलम 125, आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144. मूल औरस (लग्नातून झालेलं) असो वा अनौरस (लग्नाबाहेरचं), ऐपत असलेल्या बापाला खर्च द्यावाच लागतो. आणि कृपा करून 'भेटू देत नाही ना, मग पैसे बंद' असं कुणी करू नका. भेटीसाठी वेगळा अर्ज करा. शाळेची फी, दवाखाना थांबत नाही, त्यात भरडलं जातं ते लेकरूच.