विनावाचक संकेतस्थळ कसे चालवावे

मराठीत स्वतःचे संकेतस्थळ काढण्याचा विचार आपल्या मनात आला असेल तर आपले मनःपूर्वक अभिनंदन, कारण निरपेक्ष परोपकाराला इतका अनुकूल काळ यापूर्वी आला नव्हता. समजा, आपला विषय सह्याद्रीतील किल्ले हा आहे. मग ऐन मे महिन्यात, स्वखर्चाने, एखाद्या आडवाटेच्या किल्ल्यावर चढावे, माथ्यावरील कोणत्या टाक्यात पिण्याजोगे पाणी आहे आणि कोणते कोरडे ठाक पडले आहे हे वाकून पाहावे, छायाचित्रे काढावीत आणि घरी आल्यावर पाय शेकत सारे काही तपशीलवार लिहून काढावे. लिहिताना वाचकाची चिंता करू नये, कारण वाचक येणार नाही. येणार आहे ते शोधयंत्राचे स्वयंचलित दूत, आणि त्यांना आपल्या पायदुखीशी कर्तव्य नसते. त्यांना टाक्यापुरते वाक्य हवे असते.

जुनी मंडळी आपल्याला सांगतील की एके काळी असे नव्हते. १९९८ साली स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी, सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी, आपल्या शोधयंत्रावर एक निबंध लिहिला, त्याच्या मुळाशी कल्पना साधी होती: ज्या पानाकडे इतर चांगली पाने बोट दाखवतात ते पान चांगले. गावातला चांगला वैद्य आपणही असाच शोधतो. त्याच निबंधाच्या परिशिष्टात त्यांनी असेही बजावले होते की जाहिरातींच्या पैशावर चालणारे शोधयंत्र स्वभावतःच जाहिरातदारांकडे झुकेल आणि शोधणाऱ्याच्या गरजेपासून दूर जाईल. असे अचूक भाकीत करणारे लोक एरवी ज्योतिषाचे दुकान मांडतात; या दोघांनी ते खरे करून दाखवणारी गूगल ही कंपनी काढली. म्हणून किल्ल्याचे नाव शोधल्यावर आधी बुटांच्या जाहिराती, मग रिसॉर्टचे दर आणि त्याखाली एकमेकांची नक्कल केलेले ‘पाहण्यासारखी दहा ठिकाणे’ छापाचे लेख दिसले, तर रुसू नये. हे लेख लिहिणाऱ्यांपैकी कोणी किल्ला चढलेला नसतो, आणि त्यामुळे त्यांची गुडघेदुखी वाचते.

आज्ञाधारकपणा मात्र सोडू नये. ऑगस्ट २०२२ मध्ये गूगलने आपल्या शोधयंत्रात ‘हेल्पफुल कंटेंट’ (म्हणजे उपयुक्त मजकूर) नावाची सुधारणा आणली आणि उपदेश केला की शोधयंत्रासाठी लिहू नका, माणसांसाठी लिहा. जगभरातील अनेक छोट्या संकेतस्थळचालकांची समजूत अशी होती की आपण तेच करत आहोत. सप्टेंबर २०२३ मध्ये याच सुधारणेची पुढची आवृत्ती आली आणि त्यांच्यापैकी कित्येकांचा वाचकवर्ग जवळजवळ नाहीसा झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांतील काही जणांना गूगलने आपल्या मुख्यालयात बोलावून त्यांचे म्हणणे ऐकून घेतले. परतल्यावर काहींनी लिहिले की आपल्या मजकुरात दोष नसल्याचे सांगण्यात आले, वाचक परत मिळण्याचे आश्वासन मात्र मिळाले नाही. असे आमंत्रण आपल्याला आल्यास नाकारू नये. तेवढीच कॅलिफोर्निया पाहून होते.

आता मुख्य विधीकडे वळू. मे २०२४ मध्ये अमेरिकेत आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारतात शोधाच्या निकालांच्या डोक्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेले उत्तर झळकू लागले. पहिल्याच महिन्यात या उत्तराने पिझ्झ्यावरचे चीज घसरू नये म्हणून सॉसमध्ये बिनविषारी गोंद मिसळण्याचा सल्ला दिला, आणि त्याचा उगम रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावर कोणीतरी सुमारे अकरा वर्षांपूर्वी केलेल्या थट्टेत सापडला. रेडिटचा मजकूर वापरण्यासाठी गूगलने वर्षाला सुमारे सहा कोटी डॉलरचा करार केल्याचे वृत्त त्याच वर्षीच्या फेब्रुवारीतले आहे. म्हणजे थट्टेलाही मोल असते. फक्त ते थट्टा करणाऱ्याला नव्हे, जागामालकाला मिळते. आपण मे महिन्यात चढून पाहिलेल्या टाक्याचे मोल काय, हा प्रश्न विचारणे असंस्कृतपणाचे ठरेल.

या उत्तराला सगळ्यांत प्रिय असतो तो समन्वय. हरिश्चंद्रगडाचेच पाहा. पाचनईहून जाणारी वाट नवख्यांनाही झेपते, खिरेश्वरहून टोलार खिंडीतून जाणारी दमवते आणि नळीची वाट पुरेशा तयारीशिवाय आणि जाणकार सोबतीशिवाय कोणी धरू नये. आपण हे तीन लेखांत, तीन वेगळ्या इशाऱ्यांसह लिहावे. यंत्र त्यांचा एकच सुबक परिच्छेद करील, ज्यात पाचनईचा वेळ, खिरेश्वरची बस आणि नळीच्या वाटेचे सौंदर्य गुण्यागोविंदाने नांदेल. खाली बारीक अक्षरांत उत्तरात चुका असू शकतात असे लिहिलेले असते, त्यामुळे चिंतेचे कारण नाही.

आपला मजकूर या कामी वापरला जाऊ नये असे कोणाला वाटेलही. दारावर ‘आत येऊ नये’ अशी पाटी लावण्याची रोबोट्स.टीएक्सटी ही सोय १९९४ पासून आहे. २०२३ मध्ये गूगलने ‘गूगल-एक्स्टेंडेड’ नावाची खास पाटीही दिली, पण ती शोधाच्या डोक्यावरील उत्तराला लागू होत नाही. त्यासाठी एकतर आपल्या पानाचा उतारा निकालांत दिसणेच बंद करावे, नाहीतर शोधयंत्राच्या मूळ दूतालाच दार लावावे, म्हणजे आपण शोधातूनच अंतर्धान पावाल. भाडेकरू हाकलायचा तर घर पाडा, इतकी ही निवड मोकळी आहे.

तरीही कोणी चुकून येईल का? प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेने मार्च २०२५ मध्ये ९०० अमेरिकी प्रौढांनी केलेले शोध तपासले. डोक्यावर तयार उत्तर नसेल तेव्हा लोक १५ टक्के वेळा एखाद्या निकालावर गेले, उत्तर असेल तेव्हा ८ टक्के वेळा, आणि उत्तरातच दिलेल्या दुव्यावर जेमतेम १ टक्का वेळा.

त्या एक टक्क्यातला एखादा सद्गृहस्थ कधीतरी आपल्याला पत्र लिहील. माथ्यावरच्या टाक्यात बारमाही पाणी असते असे यंत्राने स्पष्ट सांगितले आहे, आपल्या लेखात मात्र ते मे महिन्यात कोरडे दाखवले आहे, तरी कृपया आपली माहिती तपासून दुरुस्त करावी, असे तो नम्रपणे सुचवील. त्याच्याशी वाद घालू नये. तो आपला या महिन्याचा वाचक आहे. त्याचे आभार मानावेत आणि पाण्याच्या दोन बाटल्या जास्त बरोबर घ्या, एवढेच कळवावे.