अंदमान १९४३ साली स्वतंत्र झालं होतं का?

दर डिसेंबरात एक मजकूर फिरत येतो: जपान्यांनी इंग्रजांना पिटाळलं, सेल्युलर जेलमधले क्रांतिकारक सोडवले, बेटं नेताजींच्या हवाली केली आणि ३० डिसेंबर १९४३ला अंदमान स्वतंत्र झालं. सावरकरांची कोठडी पाहायला आपली माणसं एवढ्या लांब जातात, त्यांनी जेलच्या दारापासून थोडं पायी फिरावं. बरीचशी उत्तरं वाटेतच आहेत.

जपानी उतरले २३ मार्च १९४२ला. सावरकरांना १९२१मध्येच तिथून हलवलं होतं. उरलेले राजबंदीही १९३७च्या उपोषणानंतर, १९३८पर्यंत परतले होते. मग सोडवलं कोणाला? उलट जपान्यांनी त्याच कोठड्या भारतीयांनी पुन्हा भरल्या. आणि पिटाळलं म्हणावं तर इंग्रजांनी फौज आधीच काढून घेतली होती. लढाई झालीच नाही.

उतरून अबर्डीन बाजारात या. जपानी येऊन काही दिवसच झाले होते. घरात घुसू पाहणाऱ्या सैनिकांवर झुल्फिकार अली या तरुणाने छर्ऱ्याची बंदूक उडवली. त्याचे हाल हाल करून सगळ्यांदेखत गोळी घातली.

तिथून जवळच जिमखाना मैदान, आताचं नेताजी स्टेडियम. इथे नेताजींनी तिरंगा फडकवला, बेटांना शहीद आणि स्वराज अशी नावं दिली. हे खरं आहे, आणि ऊर भरून यावा असंच आहे. पण सत्ता हाती आली नाही. फेब्रुवारी १९४४मध्ये आझाद हिंदतर्फे कर्नल लोकनाथन मुख्य आयुक्त म्हणून आले. त्यांच्या हाती खऱ्या अर्थाने पडलं ते फक्त शिक्षण खातं. पोलीस जपान्यांचेच राहिले.

मला सगळ्यात जास्त सलतं ते डॉ. दिवाण सिंग यांचं. पंजाबी कवी, इंडियन इंडिपेंडन्स लीगचे तिथले प्रमुख, म्हणजे नेताजींच्याच बाजूचा माणूस. झेंडा वर चढत होता तेव्हा ते शेजारच्या त्याच जेलमध्ये जपान्यांचा छळ सोसत होते. १४ जानेवारी १९४४ला ते गेले. त्या मजकुरात त्यांचं नावसुद्धा नसतं.

झेंडा फडकल्याला बरोबर महिना झाला, ३० जानेवारीला, हेरगिरीच्या संशयावरून ४४ भारतीयांना हम्फ्रेगंजला गोळ्या घातल्या. तिथे स्मारक आहे. ते गावाबाहेर आहे, चालत होणार नाही. गाडी ठरवतानाच ड्रायव्हरला सांगून ठेवा.